फुटबॉलचे संघ का बुडतात?



या मंडपात गेल्या काही संध्याकाळी थोर विद्वान बोलून गेले. आज चालकांनी आम्हांला उभे केले आणि विषय मान्य केला फुटबॉलचा. निमंत्रणपत्रिका वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "काय हो, संप सगळे मिटले वाटतं?" त्यांचा चिमटा आम्ही हसून सोसला. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची विद्या कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात मिळेल तशी घेतली. फुटबॉलही आम्ही कधी बरा खेळलो नाही. मग या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता? तर एवढाच, की तीस-बत्तीस वर्षांत या उपनगरांतले पुष्कळ कारखाने बंद पडताना आम्ही जवळून पाहिले. आणि फुटबॉलचे संघ बंद पडू लागले तेव्हा त्या दुखण्याची लक्षणे आम्हांला ओळखीची वाटली.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. हल्ली संघाला 'फ्रँचायझी' म्हणतात. याला मराठीत जुना शब्द आहे, मक्ता. बाजाराचा मक्ता, जकातीचा मक्ता आपल्या आजोबांना ठाऊक होता. ठरलेली रक्कम भरावी आणि ठरलेल्या मुलखावर हक्क मिळवावा. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा असे आठ मक्ते दिले गेले. तोपर्यंत शहरांत संघ उगवत असत. तेव्हापासून संघांना शहरे वाटून देण्यात आली. हा फरक लहान नाही. जे उगवते त्याला मुळे असतात. जे वाटून दिले जाते ते परतही घेता येते.

आमच्या तरुणपणी मुंबईत फुटबॉल म्हणजे नोकरी. मफतलाल आणि ओर्के या गिरण्या, टाटा, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका, चेंबूरचा खतकारखाना, या सर्वांचे संघ होते. खेळाडू सकाळी सराव करी आणि दुपारी खात्यात हजेरी लावी. त्यात वशिलेबाजी नव्हती असे नाही. पण एक गोष्ट पक्की होती. गुडघा कायमचा गेला तरी पगारपत्रकावरचे नाव राहत असे, आणि निवृत्तीच्या दिवशी भविष्यनिर्वाह निधी हाती पडत असे. आम्ही अंधेरीहून जलद गाडी पकडून चर्चगेटला उतरायचो आणि ओव्हल मैदानाच्या कडेने चालत कूपरेजला पोहोचायचो. तेथे मैदानावरचा बॅक आपल्याच आळीतल्या कोणाचा तरी भाचा निघायचा. त्यामुळे आरडाओरडाही घरचा असायचा.

या परंपरेतला सर्वांत भक्कम संघ महिंद्रचा. कांदिवलीला ज्या कंपनीचा कारखाना आहे, तिचा हा संघ १९६२ साली उभा राहिला. पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने त्याने ड्यूरँड चषक जिंकला, फेडरेशन चषक जिंकला, आणि गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही जिंकली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० साली, संघ बंद करण्याचे जाहीर झाले. यापुढे शालेय फुटबॉलला उत्तेजन देऊ, असे सांगण्यात आले. हेतू चांगला असेल. पण शाळेत तयार झालेल्या पोराने मोठेपणी जायचे कोठे? रोपे लावायची म्हणून फळता आंबा कोणी तोडत नाही. २०१३ साली परवान्याच्या नव्या अटींत न बसल्यामुळे एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. हे संघही आय-लीगमधून बाहेर गेले. नोकरीचा फुटबॉल तेथे जवळजवळ संपला.

आता आजच्या विषयाच्या मुळाशी येतो. मुंबई एफ.सी. नावाचा क्लब २००७ साली स्थापन झाला. पिवळे सदरे घालून खेळणारा हा संघ कोणा कंपनीच्या नावाचा नव्हता, शहराच्या नावाचा होता. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने २००८ साली दुसरी श्रेणी जिंकली आणि तो आय-लीगमध्ये आला. २००९ पासून संघाची जबाबदारी खालिद जमील यांच्याकडे आली. हे स्वतः महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले. त्यांनी सात हंगाम हा संघ चालवला. पैसा बेताचा, खेळाडू बहुतेक स्थानिक किंवा दुसऱ्यांनी सोडलेले. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना तर 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले! मुंबईचा संघ, घर पुण्यात, आणि प्रेक्षकाने घाट चढून जायचे. तरीही या सात हंगामांत संघ एकदाही खाली घसरला नाही. विजेतेपद मिळाले नाही. खेळ बचावाचा, डोळ्यांना न सुखावणारा, अशी टीका होई. पण आम्हां फाटकावरच्या माणसांना त्या खेळाची किंमत कळत होती. ज्या घरात कमावणारा एक आणि खाणारी सहा, त्या घरची बाई वर्षानुवर्षे कोणाला उपाशी झोपू देत नाही, ही करामत दिसत नाही. पण करामतच ती!

२०१६ साली क्लबने खालिद जमील यांच्याशी फारकत घेतली. त्यांच्याबरोबर अशुतोष मेहता आणि जयेश राणे हे मुंबईत तयार झालेले खेळाडूही गेले. कोठे? मिझोरममधल्या ऐझॉलला. हा संघ त्याच वर्षी आय-लीगमधून खाली पडला होता. परंतु सुपर लीगला वरचे स्थान देण्याच्या बेताचा निषेध म्हणून गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब बाहेर पडले आणि ऐझॉलला परत घेण्यात आले. मग काय झाले? २०१६-१७ च्या हंगामात दहा संघ उतरले. ऐझॉलने ३७ गुण मिळवले, मोहन बागानने ३६, आणि डोंगरातल्या एका छोट्या शहराचा क्लब भारताचा विजेता झाला. त्याच तक्त्यात तळाला, दहाव्या जागी, मुंबई एफ.सी. होता. हंगामाच्या मध्येच त्याने पुन्हा प्रशिक्षक बदलून पाहिला होता. पण बुडत्याचा पाय खोलात. संघ खाली गेला, आणि पुढे मालकांनी तो चालवलाच नाही. दहा वर्षांचा संसार आवरला. ज्यांना मुंबईने सोडले, ते खालिद जमील २०२५ साली भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

श्रोतेहो, कोणी म्हणेल की मालकाने पैसा ओतला असता तर हा संघ वाचला असता. म्हणून पैसा ओतूनही काय होते, त्याचा दाखला पाहू. त्यासाठी इंग्लंडात जावे लागेल. पण वाट पुण्यावरून जाते.

लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे गाव आहे. आपल्या गिरणगावाचे ते वडीलभाऊच. सूत कातण्याची 'जेनी' काढणारा हारग्रीव्ह्ज त्याच भागातला. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी उभारायला घेतली ती १८५४ साली, आणि आपल्या गिरण्यांतली यंत्रे लँकेशायरहूनच येत. आपल्या स्वदेशीच्या चळवळीने त्या भागातले माग थंडावले, तेव्हा १९३१ साली गांधीजी मुद्दाम तेथे गेले, ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन गावी राहिले आणि बेकार झालेल्या गिरणीकामगारांना भेटले. अशा त्या गावचा फुटबॉल क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८७५ सालचा. १८८८ साली इंग्लंडची फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी स्थापली त्यांतला एक. १९९४-९५ साली तो इंग्लंडचा विजेता होता. गिरण्या गेल्या, पण शनिवारचा सामना राहिला. गावाकडे अभिमानाची तेवढीच एक वस्तू उरली होती.

हा क्लब २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. कोंबडीच्या धंद्यात या समूहाने देशभर मोठे नाव मिळवलेले. आपल्याकडच्या मंडळींनी इंग्रजांचा क्लब घेतला म्हणून आम्हांलाही त्या दिवशी मनातून गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो. पण महिन्याच्या आत त्यांनी सॅम अॅलर्डाइस या जाणत्या प्रशिक्षकाला काढले. संघ तेव्हा वीस संघांत तेरावा होता, म्हणजे तळाला नव्हता. त्याच्या जागी स्टीव्ह कीन यांना बसवले, ज्यांनी स्वतंत्रपणे संघ कधी चालवला नव्हता. पाठोपाठ क्लबचे जुने अध्यक्ष गेले. जगप्रसिद्ध खेळाडू आणण्याच्या गोष्टी वर्तमानपत्रांत झाल्या. खेळाडूंना कोंबडी खाताना दाखवणारी जाहिरातही निघाली. प्रेक्षक हंगामभर ओरडत राहिले. पण निर्णय पुण्यात आणि चेंडू ब्लॅकबर्नला! उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. २०१२ च्या मे महिन्यात, ज्या सामन्यात संघ खालच्या श्रेणीत गेला, त्या सामन्यात कोणी तरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. पुढच्या हंगामात कायमचे आणि हंगामी मिळून पाच जणांच्या हाती सूत्रे गेली. त्यांतला एक ५७ दिवस टिकला, दुसरा ६७. २०१७ साली संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघाची अशी गत त्यापूर्वी झाली नव्हती. एका वर्षात तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला खरा, पण पहिले स्थान हरवले ते हरवलेच.

आता न्यायाने बोलायचे तर मालकांनी पैसा आखडला असे म्हणता येत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे मिळून वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्या क्लबात घातली आहे. तेव्हा पैसा होता, हेतूही वाईट नसेल. मग उणे काय होते? जे उणे मुंबईत होते तेच. ज्यांना मैदान ठाऊक होते त्यांचे ऐकण्यास कान नव्हता.

कारखान्याची आणि संघाची उतरंड आम्ही ताडून पाहिली तेव्हा पायऱ्या सारख्याच आढळल्या. पहिली पायरी, जाणत्या माणसाला काढणे. कारखान्यात तो जुना फिटर असतो. यंत्राचा आवाज ऐकून तो बिघाड सांगतो, पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते. संघात तो खालिद जमील असतो. दुसरी पायरी, झालेली चूक झाकण्यासाठी माणसे बदलत राहणे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिसरी पायरी, ओरडणाऱ्याला शत्रू समजणे. फाटकावरची घोषणा आणि स्टँडमधली शिट्टी ही आजाराची खबर असते. मालक तिला आजार समजतो. आणि चौथी पायरी, 'तोटा होतो' असे जाहीर करून कुलूप लावणे. तोटा खोटा नसतो. पण तो कोणत्या दिवशी सुरू झाला हे ताळेबंदात लिहिलेले नसते.

येथपर्यंत आम्ही मालकांविषयी बोललो. आमच्या धंद्यात ते सोपे असते, आणि टाळ्याही पडतात. आता स्वतःविषयी बोलले पाहिजे.

१९९९ साली आम्ही भांडुपकडच्या एका कारखान्यात युनियनचे चिटणीस होतो. कारखान्याला फुटबॉलचा संघ होता आणि शेडच्या मागे मुरमाचे मैदान होते. करार चालू असता व्यवस्थापनाने प्रस्ताव ठेवला: संघ बंद करा, सरावाची सवलत आणि खेळाडूंचे दूध-अंडी बंद करा, त्याबदली सर्वांना दरमहा पंच्याऐंशी रुपये वाढवून देतो. आम्ही हिशेब केला. एकीकडे अठरा पोरे, दुसरीकडे सातशे घरे. फाटकसभेत हात वर झाले, पेढे वाटले. संघाचा कप्तान मशीन शॉपमध्ये टर्नर होता. सभा पांगल्यावर तो जवळ आला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, एकदा आम्हाला विचारायचं होतं." आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या सातशेंत हे अठराही होतेच, पण त्यांना वेगळे बसवून विचारावे हे आम्हांला सुचले नव्हते. आम्हीही त्यांना खर्चाच्या रकान्यात लिहून मोकळे झालो होतो.

त्याचे फळ आम्हांलाच मिळाले. शनिवारच्या सामन्याला तिन्ही पाळ्यांचे कामगार त्या मुरमावर एकत्र उभे राहत. पहिल्या पाळीचा माणूस तिसऱ्या पाळीच्या माणसाला नावाने ओळखे, त्याच्या घरचे सुखदुःख विचारी. संघ गेला आणि ही भेट संपली. पाच वर्षांनी कारखाना बंद करण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा आम्ही तिन्ही पाळ्यांना हाक दिली. पहिली पाळी आली, दुसरी अर्धी आली, तिसरी आलीच नाही. लोक एकमेकांना ओळखतच नव्हते. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जांवर एकेकट्याने सह्या झाल्या. आज तेथे बावीस मजल्यांचे मनोरे आहेत. मनोऱ्यांच्या पायथ्याशी, पूर्वी गोलचे खांब होते त्याच बाजूला, जाळी लावलेले हिरवे टर्फ आहे आणि तेथे तासाला पैसे मोजून खेळता येते. तो कप्तान आता मुलुंडला राहतो. त्याचा नातू त्या जाळीत खेळायला जातो. तासाचे भाडे ऐकून आम्हांला ते पंच्याऐंशी रुपये आठवतात.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. संघ पैशाअभावी बुडतात हे अर्धसत्य आहे. निर्णय घेणारा आणि निर्णय भोगणारा एका बाकावर बसत नाहीत, तेथे बुडण्याची सुरुवात होते. हे आमचे नवे शोधन नव्हे. कामगारांना व्यवस्थापनात सहभाग द्यावा, असे आपल्या राज्यघटनेत १९७६ पासून कलम ४३-अ मध्ये लिहिलेले आहे. अंमल किती झाला ते आपण जाणता. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की, थोडे अपवाद सोडता, क्लबातली बहुमताची मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत; भांडवल बाहेरून आणा, पण मुखत्यारी विकू नका. इंग्लंडनेही २०२५ साली कायदा करून फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमला आणि क्लबांनी प्रेक्षकांशी विचारविनिमय करावा असे बंधन घातले.

आपल्याकडे काय आहे? पुण्याचा २०१४ सालचा सुपर लीगचा मक्ता २०१९ मध्ये संपला आणि ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादचा संघ २०२१-२२ चा विजेता झाला, मग पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो मक्ता दिल्लीला हलवला गेला. पुण्यात ज्या पोराने संघाचा सदरा विकत घेतला त्याने आता कोणत्या गाडीत बसावे? आपल्या मुंबई सिटीचेच पाहा. २०१६ पासून हा संघ अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात, म्हणजे महापालिकेच्या, म्हणजे आपल्या मैदानावर खेळू लागला. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्यातला ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये संघाने साखळीतले पहिले स्थान आणि करंडक दोन्ही जिंकले, २०२३-२४ मध्ये पुन्हा करंडक आणला. कारभार चांगला होता हे मान्य केले पाहिजे. पण २०१० साली झालेला लीगचा पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरात संपला, त्याच्या घोळात हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, आणि तो परदेशी समूह आपला हिस्सा सोडून निघून गेला. अंधेरीच्या स्टँडमध्ये वर्षानुवर्षे घसा फोडणाऱ्यांना त्याची बातमी मिळाली, ती इतरांसारखीच, वर्तमानपत्रातून!

आम्ही कोणाचा क्लब हिसकावून घ्या असे सांगायला आलो नाही. मागणे लहान आहे. मैदान पालिकेचे असेल तर ते देताना करारात एक अट असावी: क्लबच्या समितीत प्रेक्षकांचे दोन आणि खेळाडूंचा एक प्रतिनिधी बसेल, आणि संघ हलवण्याचा, बंद करण्याचा किंवा नाव बदलण्याचा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होणार नाही. विचारले म्हणजे मान्य केले असे नव्हे, हे आम्ही कराराच्या टेबलावर शिकलो आहोत. पण विचारणे टाळले म्हणजे काय होते, तेही आम्ही भांडुपला शिकलो आहोत.

 अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. मंडपाच्या मागल्या बाजूला काही पोरे मघापासून उभी आहेत. याच मंडपासाठी त्यांचे मैदान गेला आठवडाभर अडून राहिले आहे, आणि खुर्च्याही त्यांनीच लावल्या आहेत. पहिला प्रश्न त्यांचा असावा, अशी अध्यक्षांना विनंती करून आम्ही रजा घेतो.